साथीत गावाचा ग्रुप काय बोलतो, आणि कधी गप्प होतो

प्रश्न उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या एका समुदाय आरोग्य अधिकारी ताईंचा आहे. गावात डेंग्यूची साथ आहे आणि त्यांना सात-आठ व्हॉट्सअॅप ग्रुपांत घेतलंय. सोमवारी टाकलेलं पोस्टर कुणी उघडूनही पाहिलं नाही. शुक्रवारी तेच लोक एकमेकांना पपईच्या पानांचा रस सांगत होते, आणि रविवारी 'ही साथ आणली कुणी' यावरून भांडण पेटलं. बोलणं इतक्या भराभर का बदलतं, आपण कधी काय लिहावं, आणि शिव्या पडतात त्या ग्रुपात राहावं का, असं त्या विचारतात.

ताई, पोस्टर मी पाहिलेलं नाही, तरी त्यात काय असेल ते सांगते. डासाचं मोठं चित्र, 'पाणी साठू देऊ नका', 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा', खाली चार लोगो. यातलं काहीच चूक नाही. पण सोमवारी गावाला डासाबद्दल काही विचारायचंच नव्हतं. त्यांना विचारायचं होतं, "कोनाच्या घरी निघाला?" त्याचं उत्तर पोस्टरवर नव्हतं, म्हणून पोस्टर पुढे सरकलं नाही.

मी आधी आशा होते, आता गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर लक्ष ठेवणारी आहे. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारट, 16 वर्षं झाली. माझ्या फोनात ग्रामपंचायतीचे, पालकांचे, बचत गटांचे, भजनी मंडळाचे, कापसाच्या भावाचे ग्रुप आहेत, आणि दोन भाऊबंदकीचे, ज्यांत मला कशाला घेतलं ते आता त्यांनाही आठवत नसेल. साथ आली की ही सगळी मंडळी साधारण एकाच वाटेनं जातात. 'काय आहे हे?' इथून सुरुवात, मग 'कोणाला झालं?', मग 'काय घेऊ?', मग 'कोणामुळे?', आणि शेवटी आपल्याकडे वळून 'तुमचं तरी कशावरून खरं?'. आपण मात्र बहुतेक वेळा मागच्या स्टेशनावर उभं राहून, गाडी गेल्यावर हिरवी झेंडी दाखवतो. वरून मजकूर मंजूर होऊन येईपर्यंत गावाचा प्रश्न बदललेला असतो.

2020 चा फेब्रुवारी आठवा. आमच्या ग्रुपांवर कोरोना म्हणजे चिनी लोकांवरचे विनोद आणि कोंबडीचा फोटो. कोंबडीतून रोग येतो या एका खोट्या मेसेजनं राज्यभर पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, 11 तारखेला नागपुरात पहिला, आणि दोन दिवसांत विनोद बंद झाले. लॉकडाऊन लागला तशी पुण्या-मुंबईची, सुरतेची पोरं मिळेल त्या वाटेनं गावाकडे निघाली आणि ग्रुपवर एकच विषय उरला: कोण आलं. रस्त्यांवर बाभळीच्या काट्या पडल्या. ज्यांच्या लग्नात हे लोक नाचले होते त्यांचीच नावं, कुठून आले, कोणत्या रात्री आले, असं सगळं यादी करून फिरू लागलं.

त्यातली एक यादी माझ्या वहीतून गेली होती. मी ती ग्रामपंचायतीत दिली, तिथं कुणीतरी फोटो काढला, आणि तासाभरात ती पंचक्रोशीत. शाळेत 14 दिवस ठेवलेल्या एका पोराचा खिडकीच्या गजांमागचा फोटो त्या यादीला जोडलेला होता. त्याची आई आजही माझ्याकडे बीपीची गोळी घ्यायला येत नाही, नणंदेला पाठवते. म्हणून पहिली गोष्ट सांगते: 'कोणाला झालं?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं, पण नावानं नाही. "आपल्या गावात दोघांना निघाला, दोघंही घरी आहेत, बरे आहेत." आकडा आणि तब्येत, एवढंच. हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर गाव स्वतःची यादी करतं, आणि गावाच्या यादीत ज्याचं कुणाशी वाकडं असतं त्याचं नाव आधी येतं.

'काय घेऊ?' ही पायरी आपल्या लोकांना फार खटकते. पपईचा रस दिसला की आपले डॉक्टर लोक लगेच 'अफवांवर विश्वास ठेवू नका' लिहितात. मी असं लिहिणं सोडलं. घरात लेकरू तापानं फणफणलेलं असताना माणसाला हातानं काहीतरी करायचं असतं, आणि तुम्ही त्याच्या हातातलं काढून घेता आणि बदल्यात काहीच देत नाही. पपईशी भांडू नका. रस देणाऱ्या बाईला विचारा, "ताप कोणत्या दिवशी आला व माय?" त्यातून तिला मोजायला लावा. डेंग्यूत धोका बहुतेकदा ताप उतरतो तेव्हा, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास असतो, आणि घरचे तेव्हाच 'बरं वाटून राह्यलं' म्हणून निर्धास्त होतात. पोटात सारखं दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लेकरू मलूल पडणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल चालतं, अंगदुखीला मेडिकलवरून आणलेली ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन नको. हे तिला करता येण्यासारखं आहे.

पाण्याचंही तेच. नळ आठ-दहा दिवसांनी येतो त्या गावाला 'पाणी साठवू नका' सांगितलं की बाया हसतात, आणि पुढचं काही ऐकत नाहीत. त्यापेक्षा ड्रमला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधा असं सांगा. आणि कूलर! आपल्या विदर्भात उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीत तसाच असतो आणि टाकीत वीतभर पाणी. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात. 'कूलरची टाकी उलटी करा' हा तीन-चार शब्दांचा मेसेज माझ्या अनुभवात सगळ्या पोस्टरांपेक्षा जास्त चालला, कारण तो ऐकून माणूस लगेच उठू शकतो.

बोलणं कसं वळतं ते मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते मात्र कोरोनात नाही, केस गळतीत. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठी-मुठीनं निघू लागले. आठवड्याच्या आत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, सगळेच. शेगाव आम्हाला जवळ, सोयरिकी तिकडच्या, त्यामुळे व्हिडिओ आमच्या ग्रुपांवर बातम्यांच्या आधी आले. पहिले दोन दिवस शॅम्पू. कोणता शॅम्पू, कोणत्या दुकानातला, मेड इन कुठलं. मग पाणी, कारण आमच्या पट्ट्यात कशाचंही खापर आधी पाण्यावरच फुटतं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. तेवढ्यात 6 जानेवारीला देशात एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूचे रुग्ण सापडल्याची बातमी आली. त्याचा केसांशी काडीचा संबंध नव्हता, पण 'व्हायरस' हा शब्द त्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडी होता. दोन दिवसांत आमच्याकडच्या रोगालाही नाव मिळालं: टक्कल व्हायरस.

नाव पडलं आणि बोलणं एका दिवसात फिरलं. शॅम्पू होता तोवर लोक आपल्या घरात पाहत होते. व्हायरस म्हटल्यावर ते दुसऱ्याच्या डोक्याकडे पाहू लागले. त्या गावांतल्या पाहुण्यांना 'सध्या येऊ नका' असे निरोप गेले. माझ्या मावसबहिणीनं वर्ध्याहून फोन करून विचारलं, गजानन महाराजांच्या दर्शनाला यावं की नाही. आजार तोच होता. एक शब्द बदलला आणि तो आजार 'मला काय झालं' मधून 'तुझ्यामुळे मला होईल' मध्ये गेला.

आता माझी चूक. तेव्हा पहिला अंदाज पाण्याचा आणि बुरशीचा होता. आमच्याकडे निरोप आला, मी ऑडिओ केला: "घाबरू नोका, पान्यामुळे होऊन राह्यलं, व्हायरस नाई." 'अजून तपासणी चालू आहे' हे वाक्य मी गाळलं, कारण त्यानं जोर कमी होईल असं मला वाटलं. आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक येऊन रक्त, केस, पाणी, धान्य घेऊन गेलं. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यांच्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त सापडल्याचं सांगितलं. विंचूदंशावरच्या कामामुळे त्यांचं नाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत. त्यांनी गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचं म्हटलं, आणि लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम कितीतरी पटींनी वाढलेलं दाखवलं. सेलेनियम हे खनिज शरीराला लागतं, पण अगदी सूक्ष्म प्रमाणात. ते जास्त झालं की केस आणि नखं सुटतात. एप्रिलमध्ये नखं गळायला लागली, तेव्हा ते लोकांना पटलं.

आणि ग्रुपवर एका पोट्ट्यानं माझा जानेवारीतला ऑडिओ पुन्हा टाकला. खाली फक्त एवढंच: "मॅडम, मंग पानी का गहू?" मी व्हायरस नाही म्हटलं ते बरोबर होतं, संसर्ग नव्हताच. पण बरोबर असण्याचा काही उपयोग झाला नाही. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी कशाबद्दलही लिहिलं की कुणीतरी गव्हाच्या ओंबीचं चित्र टाकायचं. आज मी प्रत्येक ऑडिओत तीन गोष्टी बोलतेच: आज काय माहीत आहे, काय अजून तपासायचं आहे, आणि पुढचं मी कधी सांगणार. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 'सोमवारी सांगते' म्हटलं तर सोमवारी बोलायचं, सांगायला काही नसलं तरी 'अजून रिपोर्ट आला नाही' एवढं बोलायचं.

'कोणामुळे?' या पायरीबद्दल मी थोडकंच बोलते, कारण तिथं आपल्याला फारसं काही करता येत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. पहिल्याच दिवसापासून दोन तट: 'मास्क-हातमोजे वापरले नाहीत, त्यांचीच चूक' आणि 'औषधच विषारी'. मास्क वापरा असं त्या दिवसांत सांगणारा आरोग्य कर्मचारी आपोआप पहिल्या तटात ढकलला जात होता, सल्ला कितीही खरा असो. दोष वाटला जात असताना दिलेला सल्ला लोकांना आरोपासारखा ऐकू येतो. तेव्हा थोडं थांबायचं, आणि सांगायचंच झालं तर 'तुम्ही' न म्हणता 'आपण' म्हणायचं.

खोट्यापेक्षा खरी बातमी जास्त अवघड असते, हेही नवीन माणसाला कुणी सांगत नाही. 16 जानेवारी 2021 ला कोरोनाची लस सुरू झाली, आणि 31 तारखेच्या पल्स पोलिओत घाटंजी तालुक्यातल्या एका गावी 12 लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी हॅन्ड सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली. ही अफवा नव्हती, पेपरांत पहिल्या पानावर होती. आम्ही लसीसाठी घरोघर फिरलो तेव्हा बाया दारातच म्हणायच्या, "आधी बाटली दाखव." 'तसं काही होत नाही' म्हणण्याची सोय नव्हती, कारण तसं झालं होतं. मग आम्ही खरंच बाटली दाखवू लागलो. लेबल त्यांच्या हातात देऊन वाचायला लावायचं, वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेतल्या पोरीला बोलवायचं. वेळ दुप्पट लागला. पण त्या पोरीनं वाचलेलं त्या घरात चाललं.

मे महिन्यात 'लस घेणारे सगळे दोन वर्षांत मरणार' हा मेसेज आला, एका नोबेलवाल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर. ते खोटं होतं आणि सरकारनं तसं जाहीरही केलं. आमच्याकडच्या एका आजोबांनी तो मेसेज दाखवूनच लस नाकारली होती, मग सुनेनं दम दिल्यावर घेतली. मे 2023 मध्ये मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "मेलो नाई व माय अजून. पन गुडघे गेले, त्याचं का करता?"

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलं नाही. ग्रुप भांडत असला तर मला काळजी वाटत नाही. तो गप्प झाला की वाटते. 2020 च्या उन्हाळ्यात पोलिसांच्या सूचना फिरल्या की अफवा पसरली तर अॅडमिनवरही कारवाई होईल. खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 खाली शिक्षा आहेच, पण आमच्या अॅडमिनांनी त्यातला 'अॅडमिन' एवढाच शब्द वाचला आणि ग्रुप 'ओन्ली अॅडमिन' करून टाकले. (पुढे 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या पोस्टसाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. प्रकरण वेगळं होतं, पण अॅडमिन लोकांनी ते कात्रण महिनाभर मिरवलं.) ग्रुप बंद झाले आणि वर कळवलं गेलं की अफवा थांबल्या. मीही तसंच कळवलं.

त्या थांबल्या नव्हत्या, भाऊबंदकीच्या ग्रुपांत, पोरांच्या क्रिकेट टीमच्या ग्रुपांत, आणि ऑडिओत गेल्या होत्या. तिथं आपण नसतो. गावात ताप किती आहे, कोण लपवतंय, कोण चाचणीला घाबरतंय, हे आधी मला मोठ्या ग्रुपातल्या बोलण्यावरून कळायचं, ते त्या दोन महिन्यांत बंद झालं. मग मी एक सवय लावून घेतली. ग्रुप सोडून लोकांचे स्टेटस पाहायचे. आपल्या गावांत स्टेटस हाच खरा चावडीवरचा फळा. फेब्रुवारी 2021 मध्ये दुसरी लाट राज्यात आमच्याच भागातून, अमरावती-अकोला-यवतमाळकडून उचलली. तेव्हा आमच्या मोठ्या ग्रुपात 'एका पेशंटमागे दवाखान्याला दीड लाख भेटतात' हेच चालू होतं. स्टेटसवर मात्र एकामागून एक श्रद्धांजल्या येत होत्या, फोटोभोवती झेंडूची चौकट. ग्रुप म्हणत होता काही नाही, आणि तेच लोक स्टेटसवर आपापली माणसं गेल्याचं सांगत होते. एप्रिलमध्ये भाषा पुन्हा बदलली. कुणी काही सिद्ध करत नव्हतं, नुसते आकडे: ऑक्सिजन 82, बेड पाहिजे, नागपूर चालेल, सेवाग्राम चालेल, रेमडेसिव्हिर कुठं. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020 मध्येच रेमडेसिव्हिर वापरू नये असा सल्ला दिला होता, पण ते तेव्हा सांगून उपयोग नव्हता. तेव्हा मी फक्त कोणत्या दवाखान्यात फोन उचलतात एवढंच लिहीत होते.

मेळघाटात यातलं निम्मं लागू पडत नाही. तिथं कितीतरी गावांना रेंजच नाही. माणूस धारणीच्या बाजाराला येतो, तिथं ऑडिओ ऐकतो, आणि घरी जाऊन कोरकूत, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत, सांगतो. म्हणजे मेसेज आठवड्यातून एकदा पोहोचतो आणि खोडायचा असेल तर पुढच्या बाजारापर्यंत थांबावं लागतं. तिकडच्या आशा मराठी पोस्टर घडी करून पिशवीत ठेवतात आणि कोरकूत तोंडी बोलतात. त्यांना विचारून पाहा, माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

लिहिण्याबद्दल म्हणाल तर लिहूच नका, बोला. चाळीस सेकंद. सुरुवातीला तारीख आणि वार तोंडानं म्हणा, कारण ऑडिओ दोन वर्षांनीही परत येतो आणि लोक तो आजचाच समजतात. वऱ्हाडी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, तुमच्या आशाला बोलू द्या. अफवा आधी सांगून मग 'हे खोटं आहे' असं करू नका, ऑडिओ अर्धा ऐकून बंद करणारे फार असतात. एक नमुना देते:

"आज 12 तारीख, शुक्रवार. उपकेंद्रातून बोलून राह्यली. आपल्या गावात आतापावतर दोघाईले डेंग्यू निघाला, दोघंबी बरे हायेत. ताप उतरल्यावर पोट दुखत असन, उलट्या थांबत नसन, त घरी थांबू नोका, रातीबी फोन करा. कूलरची टाकी आजच उलटी करा. आनखी तिघाईचे रिपोर्ट याचे हायेत, ते सोमवारी सांगतो."

हा संध्याकाळी सातच्या आसपास टाका. तेव्हा माणसं शेतातून आलेली असतात आणि फोन पोरांच्या हातात जायच्या आधी बायांच्या हातात असतो. घंटागाडीच्या भोंग्यावरही तोच लावायला सांगा, कारण ज्यांचं रिचार्ज संपलंय ते त्याशिवाय ऐकणार नाहीत.

राहिला शिव्यांचा ग्रुप. सोडू नका. तुम्ही सोडलात की 'अमुक लेफ्ट' असं खाली येतं आणि दुसऱ्या दिवशी गावभर होतं की मॅडम पळाल्या. म्यूट करा, सकाळी एकदा वाचा, आणि तिथं उत्तर देऊ नका. जो सगळ्यात जास्त शिव्या देतो त्याला संध्याकाळी फोन लावा आणि त्याच्या घरात कुणाला ताप आहे का ते विचारा. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा असतो.